रेंज जाते तिथली साधनं: भाऊचा धक्का ते रत्नागिरी, पाच दिवस

मुंबईहून रत्नागिरीला महामार्गाने एका दिवसात पोचता येतं. किनाऱ्याने जायचं ठरवलं की आधी मांडव्याची रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी मोठी बोट, मग चार खाड्यांवरच्या चार जंगलजेट्या, म्हणजे माणसं-गाड्या पलीकडे नेणाऱ्या फेरीबोटी. त्यात रोजचं तीन-चार तासांचं लॅपटॉपचं काम बसवायचं तर पाच दिवस हाताशी हवेत. शहरात कुठलंही ॲप चांगलंच वाटतं. रेंज नाही, वीज नाही किंवा हात ओला आहे, अशा वेळी जे अडत नाही ते विचार करून घडवलेलं, हे या रस्त्यावर लख्ख कळतं. ऑक्टोबरअखेर, परतीचा पाऊस अजून पुरता गेलेला नाही. दोन माणसं, एक मोटारसायकल, एक लॅपटॉप, दोन फोन.

निघण्यापूर्वी: सॅक

चार्जर एकच घ्यावा, ६५ वॉटचा, गॅन (गॅलियम नायट्राइड) जातीचा, निदान दोन यूएसबी-सी तोंडांचा. जुन्या लॅपटॉपच्या विटेएवढ्या अडॅप्टरचं काम हा मुठीत मावणारा ठोकळा करतो. एक खोड मात्र जवळजवळ सगळ्यांत असते. दुसरं तोंड वापरात आलं की चार्जर वीज नव्याने वाटतो, म्हणजे लॅपटॉपला ४५ आणि फोनला २०, आणि वाटणी चालू असताना दोन्ही तोंडांची वीज क्षणभर तुटते. चार्जरवर चालणारं, स्वतःची बॅटरी नसलेलं काही जोडलेलं असेल तर ते तिथेच बंद पडतं. म्हणून आधी सगळ्या केबली जोडायच्या आणि मग भिंतीवरचं बटण दाबायचं.

पॉवर बँकेवरचा २०,००० एमएएच हा आकडा आतल्या सेलचा, ३.७ व्होल्टवरचा असतो. गुणाकार केला की ७४ वॉट-तास. व्होल्टेज वर नेताना पंधरा-वीस टक्के उष्णतेत जातात, हाती साठेक उरतात. लॅपटॉपची बॅटरी साधारण ५० ते ५५ वॉट-तासांची, पाच हजार एमएएचच्या फोनची १९ची. म्हणजे बँकेत लॅपटॉप एकदा भरेल किंवा फोन तीनदा, दोन्ही नाही. शिवाय बँक यूएसबी पीडीवर (पॉवर डिलिव्हरी या जलद चार्जिंगच्या पद्धतीवर) निदान ४५ वॉट देणारी हवी. बावीस वॉटच्या बँकेवर ‘फास्ट’ छापलेलं असतं ते फोनपुरतं. लॅपटॉप तिला एक तर ओळखत नाही, नाहीतर चालू असताना भरण्याऐवजी हळूहळू उतरत राहतो.

केबलकडे कुणी बघत नाही, आणि घोटाळा तिथेच होतो. साधी सी-ते-सी केबल ३ अँपिअरची, २० व्होल्टवर ६० वॉटपर्यंत. त्यापुढे ५ अँपिअर न्यायचे तर केबलच्या टोकात ई-मार्कर नावाची चिप लागते. ती नसेल तर शंभर वॉटचा चार्जरही साठावर थांबतो. काही केबली तर फक्त वीज नेतात, डेटा नाही. एकसारख्या दोन केबली घ्याव्यात, म्हणजे कुठली कशाची हा प्रश्नच उरत नाही.

सिमकार्डं दोन, दोन वेगळ्या कंपन्यांची. बँकेशी जोडलेला नंबर खऱ्या सिमवर आणि जास्तीचा ई-सिमवर, म्हणजे फोनच्या आतच असलेल्या डिजिटल सिमवर, ठेवावा. फोन पाण्यात गेला तर खरं सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये दोन मिनिटांत चालू होतं. ई-सिम हलवायला मात्र इंटरनेट, क्यूआर कोड किंवा कंपनीचा होकार लागतो, आणि नेमकं तेव्हाच ते हाताशी नसतं.

शेवटची वस्तू म्हणजे मीटरभर वायरची एक्स्टेंशन पट्टी. कोकणातल्या घरगुती निवासांत सॉकेट बहुधा एकच असतं आणि वापरून सैल झालेलं असतं. वजनदार चार्जर त्यात लोंबकळतो, पिना अर्धवट टेकतात, ठिणग्या उडतात. पट्टीची हलकी पिन तशी लोंबकळत नाही.

पहिला दिवस: भाऊचा धक्का, मांडवा, मुरुड, दिवेआगर

रो-रोला मांडव्यापर्यंत तासाभराच्या आसपास लागतो. तिकीट आधी ऑनलाइन काढावं, कारण शनिवार-रविवारी वाहनांची जागा भरून जाते. त्या तासात एक काम उरकून घ्यावं: फोनमध्ये नकाशे उतरवलेत का आणि ते खरंच उघडतात का, हे विमान मोडवर टाकून बघायचं.

गुगल मॅप्समध्ये रायगड-रत्नागिरीचा पट्टा चौकटीत घेऊन उतरवता येतो, काहीशे एमबी लागतात. ऑफलाइन असताना तो गाडीचा रस्ता देतो. पायवाटा, बस, रहदारी देत नाही. म्हणून सोबत ऑर्गॅनिक मॅप्स ठेवावं. ते ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीवर चालतं, खातं मागत नाही, जाहिराती दाखवत नाही आणि पायवाटेचा मार्गही इंटरनेटशिवाय काढतं. या प्रवासात सगळ्यांत कमी बॅटरीत सगळ्यांत जास्त काम करणारं ॲप हेच.

गुगल मॅप्समधली एक खूण तपासून घ्यायची. मार्गाच्या पर्यायांत ‘फेरी टाळा’ चालू असेल तर दाभोळहून समोर दिसणाऱ्या धोपाव्याला जायला ते चिपळूणचा वळसा दाखवतं. बंद असेल तर उलटी अडचण: शेवटची जेटी किती वाजता सुटते हे त्याला पक्कं ठाऊक नसतं, रात्री नऊलाही ते बिनदिक्कत पाण्यावरून रेघ ओढेल. वेळापत्रक धक्क्यावरच्या फलकावरचं धरावं.

रेवदंडा ओलांडून काशीद-मुरुडकडे जाताना फोन हँडलवर असतो. तिथे दोन गोष्टी बिघडतात. पहिली थरथर. कॅमेऱ्याची भिंग स्थिर ठेवणारी यंत्रणा मोटारसायकलच्या इंजिनाच्या थरथरीने खराब होऊ शकते, असं ॲपलने २०२१ मध्ये स्वतःच सांगितलं होतं. रबरी डँपर असलेला माउंट घ्यावा आणि चांगल्या कॅमेऱ्याचा फोन खिशात ठेवून जुना फोन हँडलवर लावावा. दुसरी गोष्ट उष्णता. ऊन, जीपीएस, पूर्ण उजेडाचा पडदा आणि वर चार्जिंग, अशा चौघांनी मिळून फोन तापला की तो आधी पडदा मंद करतो, मग चार्जिंग थांबवतो. हा बिघाड नव्हे, बॅटरी वाचवायची योजना आहे. अशा वेळी चार्जिंग आपणच तोडायचं. चार्ज होणं हेच तापण्याचं मोठं कारण असतं.

हँडलवरचा यूएसबी चार्जर थेट बॅटरीला जोडून देणारे मेकॅनिक पुष्कळ. तसं केलं तर गाडी बंद असतानाही तो थोडी वीज खात राहतो आणि आठवडाभर उभ्या गाडीला सकाळी स्टार्टर लागत नाही. वायर किल्लीनंतरच्या लाइनवर घ्यावी, मध्ये ३ अँपिअरचा फ्यूज घालावा. १८ वॉटच्या चार्जरला बारा व्होल्टवर दोन अँपिअरही लागत नाहीत, तेवढा फ्यूज पुरतो.

आगरदांड्याहून दिघीची जेटी, उजवीकडे जंजिरा, पुढे बोर्ली पंचतन आणि दिवेआगर.

दुसरा दिवस: श्रीवर्धन, बाणकोट, केळशी, आंजर्ले

दिवेआगरहून शेखाडीमार्गे श्रीवर्धनला जाणारा रस्ता समुद्राला चिकटून जातो आणि रेंज त्यात वारंवार सुटते. पुढे हरिहरेश्वर, बागमांडल्याची जेटी, पलीकडे वेश्वी. आजचा विषय पैसे आणि पत्ते.

यूपीआय शहरात सहज वाटतं, कारण तिथे तीन टप्पे एकदम जमतात: आपला फोन, आपली बँक, समोरच्याची बँक. यातला एक हुकला की पडद्यावर चक्र फिरत राहतं. यूपीआय लाइट यातला मधला टप्पा काढून टाकतं. थोडे पैसे आधीच फोनमधल्या शिलकीत ठेवलेले असतात, पिन लागत नाही, प्रत्येक वेळी बँकेच्या सर्व्हरचं दार ठोठवावं लागत नाही. एका वेळी १,००० रुपये आणि एकूण शिल्लक ५,००० रुपये ही मर्यादा. इंटरनेट थोडं तरी लागतंच, पण एका दांडीच्या रेंजवरही चहा-वडापावचे पैसे जातात. शिल्लक श्रीवर्धनला, रेंज चांगली असताना भरून घ्यावी. फोन बदलण्याआधी किंवा ॲप काढून टाकण्याआधी लाइट बंद करून शिल्लक खात्यात परत घ्यायची, हे विसरू नये.

इंटरनेट अजिबात नसेल आणि साधी रेंज असेल तर *९९# डायल करून पैसे पाठवायची सोय आहे. मराठीचा पर्याय आहे, एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत जातात. आकडे दाबत जावं लागतं आणि उशीर केला की सत्र तुटतं, तेव्हा समोरच्याचा नंबर आधी कागदावर लिहून घ्यावा. पैसे खात्यातून गेले आणि दुकानदाराला पोचले नाहीत, तर लगेच दुसऱ्यांदा पाठवू नयेत. दुकानदाराच्या खात्यात जमा न झालेली रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्या गोंधळात चहावाल्याचे पैसे राहू नयेत म्हणून शंभराच्या दहा नोटा वेगळ्या ठेवाव्यात.

जेटीजवळच्या टपरीवर मराठीत रक्कम बोलून दाखवणारा साउंडबॉक्स दिसला. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे आलेल्या यंत्रांत एवढं नेमकं यंत्र दुसरं दाखवता येणार नाही. त्याला स्वतःचं सिम आणि स्वतःची बॅटरी असते, म्हणून दुकानदाराचा फोन घरी राहिला किंवा उतरला तरी तो बोलतो. मासळी कापणाऱ्या, भजी तळणाऱ्या माणसाचा हात ओला किंवा तेलकट आहे आणि नजर दुसरीकडे आहे, हे गृहीत धरून तो बनवलाय. पडदा नाही, शिकावं लागत नाही, ग्राहकाने दाखवलेल्या खोट्या स्क्रीनशॉटचा प्रश्नही उरत नाही.

पत्त्याची गोष्ट वेगळी. केळशी-आंजर्ल्याकडे घर सापडतं ते वाडीच्या नावाने, आणि नकाशावरची खूण कधी गावच्या देवळावर पडते, कधी ग्रामपंचायतीवर. यजमानाकडून प्लस कोड, म्हणजे नेमकी जागा सांगणारा गुगलचा छोटा कोड, मागून घ्यावा. दहा अक्षरांचा पूर्ण कोड साधारण १४ मीटरच्या चौकोनापर्यंत नेतो, गावाचं नाव जोडलं तर शेवटची सहा अक्षरंही पुरतात. तो अक्षांश-रेखांशावरून गणिताने निघतो, त्यामुळे इंटरनेट नसतानाही उलगडतो. टपाल खात्याने २०२५ मध्ये आणलेला डिजिपिन याच तत्त्वाचा, चौकोन सुमारे ४ मीटरचा. कोड फोनवर सांगताना अक्षरं चुकतात, मेसेजने मागवावा.

आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीकडे पाखाडीने, दगडी पायऱ्यांच्या वाटेने चढायचं तर ऑर्गॅनिक मॅप्स उघडावं, गाडीरस्त्याचा नकाशा इथे कामाचा नाही. वाटेत गाडीची कागदपत्रं मागितली गेली तर डिजिलॉकरमधलं लायसन्स आणि आरसी मूळ कागदांइतकीच ग्राह्य असतात. व्हॉट्सॲपवरच्या फोटोला ती मान्यता नाही. ॲप उघडायला रेंज लागते, म्हणून दोन्ही आधीच उतरवून ठेवावीत. मुक्काम हर्णैजवळ.

तिसरा दिवस: दाभोळ, धोपावे, गुहागर

दापोलीहून दाभोळ, वाशिष्ठीच्या खाडीवरची जेटी, धोपावे, आणि दुपारच्या आत गुहागर. आज कामाचा दिवस, आणि दुपारी वीज गेली.

वीज गेल्यावर मोबाइलचं नेट आधी मंद होतं. टॉवरला बॅटरी असते, पण ती काही तासांची, आणि गावातल्या सगळ्यांचं वायफाय बंद पडून सगळे त्याच टॉवरवर येतात. फायबरचं तसं नाही. एक्स्चेंजपासून घरापर्यंतच्या वाटेत जे वाटणी करणारे भाग असतात त्यांना वीज लागतच नाही; प्रकाश काचेतून विभागला जातो, एवढंच. त्या टोकाला बॅटरी किंवा जनरेटर असेल आणि या टोकाचा राउटर चालू राहिला, तर गावभर अंधार असतानाही नेट चालतं. म्हणजे अडचण फक्त भिंतीवरच्या त्या डबीच्या विजेची आहे, आणि ती फार थोडी लागते: आठ ते दहा वॉट.

त्यासाठी राउटरचा छोटा यूपीएस मिळतो, जेवणाच्या डब्याहून लहान. आतमध्ये लिथियम सेल असतात. १०,४०० एमएएचचा म्हटला तर ३८ वॉट-तास, राउटरला तीन तासांहून जास्त. नेहमीचा इन्व्हर्टर बॅटरीचे १२ व्होल्ट २३० करतो आणि राउटरचा अडॅप्टर ते परत १२ वर आणतो. दोन्ही वेळा वीज वाया जाते. छोटा यूपीएस सरळ १२ व्होल्टच देतो, आणि अदलाबदल इतक्या झटपट होते की मीटिंग तुटत नाही. घेताना तीन गोष्टी बघायच्या. राउटरच्या अडॅप्टरवर ९ व्होल्ट लिहिलंय की १२, कारण नऊच्या राउटरला बारा दिले की तो जळतो. अँपिअर किती, कारण दोन अँपिअर मागणाऱ्याला एकवाला यूपीएस दिला तर तो सारखा रीस्टार्ट होत राहतो. आणि पिनचं माप, ५.५ बाय २.१ मिलिमीटर बहुतेकांना चालतं, पण सगळ्यांना नाही. घरात फायबरची डबी आणि राउटर वेगळे असतील तर दोन्हींना वीज हवी, नुसत्या राउटरला देऊन उपयोग नाही. कोकणात घरगुती निवास चालवणाऱ्या प्रत्येकाने खोल्यांच्या एसीआधी हे यंत्र घ्यावं, असं आमचं ठाम मत आहे.

ते नसेल तर फोनचा हॉटस्पॉट. व्हिडिओ मीटिंगला तासाला एक जीबीच्या आसपास डेटा जातो, नुसत्या आवाजाला तीस ते पन्नास एमबी. रेंज डळमळीत असेल तर कॅमेरा आपणहून बंद करावा; आधी चित्र अडकतं आणि त्याच्यापाठोपाठ आवाजही जातो. लॅपटॉपच्या वायफायला ‘मीटर्ड’ (मोजका डेटा असलेलं) म्हणून खूण करून ठेवली की विंडोज बहुतेक अपडेट मागे ठेवतं.

जवळच्या दुसऱ्या लॅपटॉपला फाइल द्यायला इंटरनेटची गरजच नाही. लोकलसेंड हे मुक्त ॲप अँड्रॉइड, आयफोन, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं. एका फोनचा हॉटस्पॉट चालू करायचा, दोन्ही यंत्रं त्याला जोडायची, फाइल थेट जाते आणि मोबाइल डेटा खर्च होत नाही. समोरचं यंत्र दिसत नसेल तर कारण बहुधा तीनांपैकी एक असतं: आयफोनवर ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी दिलेली नाही, विंडोजच्या फायरवॉलने वाट अडवली आहे, किंवा हॉटेलच्या पाहुण्यांच्या वायफायवर यंत्रं एकमेकांपासून वेगळी ठेवलेली आहेत. शेवटच्या अडचणीवर आपला हॉटस्पॉट हाच उपाय.

गुगल डॉक्स ऑफलाइन चालतं, पण ती सोय रेंज असतानाच चालू करावी लागते, त्याच ब्राउझरमध्ये, त्याच खात्यात. रोज लागणारे कागद साध्या मजकूर-फाइलींत ठेवणं जास्त भरवशाचं.

रात्री वीज आली ती दिवे भगभगवत. अशा वेळी चार्जर लगेच लावू नये, दहा मिनिटं थांबावं. ‘१००–२४०’ छापलेला चार्जर कमी व्होल्टेज सहज सोसतो, धोका जास्तीचा. खांबावरची न्यूट्रल तुटली तर सॉकेटात ४०० व्होल्टपर्यंतही येऊ शकतात. स्पाइक गार्ड क्षणभराचा झटका गिळतो, सतत राहणारं जास्त व्होल्टेज नाही.

चौथा दिवस: वेळणेश्वर, हेदवी, जयगड, गणपतीपुळे

पालशेतमार्गे वेळणेश्वर, हेदवी, मग तवसाळची जेटी आणि पलीकडे जयगड. दुपारनंतर पूर्वेला ढग चढायला लागले. परतीच्या पावसात वीज पडण्याची भीती मोठी, आणि खाडी, पुळण, उघडा सडा (कातळाचा माळ) या तिन्ही वाईट जागा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेने केलेलं दामिनी ॲप फोनमध्ये असावं. ते आपल्या जागेभोवती २० आणि ४० किलोमीटरची वर्तुळं काढून विजा कुठे पडताहेत ते दाखवतं, मराठीतही. लोकेशनची परवानगी कायमची द्यावी आणि बॅटरी वाचवणाऱ्या यादीतून त्याला वगळावं, नाहीतर फोन त्याला झोपवतो आणि सूचना उशिरा येते. रेंजच नसेल तर लखलखाट ते गडगडाट सेकंद मोजायचे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. तिसाच्या आत गडगडलं तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. पक्क्या छपराखाली जायचं, झाडाखाली नाही.

जेटीवर फळी उतरताना खारं पाणी उडतं. फोनवरचं ‘आयपी ६८’ हे पाणीरोधकतेचं मानांकन गोड्या पाण्याच्या चाचणीचं असतं, बहुधा दीड मीटर खोल, अर्धा तास. समुद्राला ते लागू होत नाही. खारं पाणी लागलं तर फोन बंद करून गोड्या पाण्याच्या हलक्या धारेत धुवावा, तोंड खाली करून हातावर आपटावा आणि वाऱ्याला ठेवावा. तांदळात पुरू नये, पीठ आणि कण तोंडात जातात. कापसाची काडीही घालू नये, तंतू मागे राहतात. तोंडात ओल आहे अशी सूचना आली तर ती डावलून चार्जिंग करू नये: मीठ, पाणी आणि वीज एकत्र आले की पिना हिरवट होऊन झिजतात आणि मग कुठलीच केबल धड बसत नाही. घाई असेल तर फोनची पाठ कोरडी करून वायरलेस चार्जर वापरावा. वेळ जास्त लागतो, पण पिना वाचतात.

मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारेचा चढ, आणि संध्याकाळी रत्नागिरी.

पाचवा दिवस: रत्नागिरी आणि परतीची गाडी

मोटारसायकल रेल्वेने पाठवायची तर आरसीची प्रत, ओळखपत्र, टाकीतलं सगळं पेट्रोल काढलेलं आणि पोत्याने नीट बांधलेली गाडी लागते. हँडलवरचा माउंट आणि चार्जर आधी सोडवून घ्यावेत.

स्थानकावर गाडी कुठे आहे हे पाहायला ‘व्हेअर इज माय ट्रेन’. २०१८ मध्ये गुगलने विकत घेतलेलं हे ॲप गाडीत बसल्यावर इंटरनेट किंवा जीपीएसशिवायही जागा सांगतं, कारण ते जवळच्या मोबाइल टॉवरची ओळख वेळापत्रकाशी ताडून पाहतं. कोकण रेल्वेवर याचा उपयोग मोठा: नव्वदहून अधिक बोगदे, आणि खिडकीपासून दूर बसलं तर जीपीएसला आकाश दिसत नाही. उक्षी आणि भोके यांच्यामधल्या करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात मात्र टॉवरही नसतो. खूण थांबते आणि बाहेर आल्यावर पुढे उडी घेते. त्या पाच-सात मिनिटांत फोन सारखा रेंज शोधत बॅटरी जाळतो. विमान मोडवर टाकावा. मोठी फाइल पाठवायची असेल तर रत्नागिरी स्थानकावरच पाठवून घ्यावी.

बहुतेक डब्यांतल्या सॉकेटला ११० व्होल्टच्या आसपास वीज असते. ‘१००–२४०’वाला चार्जर चालतो, थोडा जास्त तापतो, म्हणून उशीखाली ठेवू नये. रात्री ११ ते पहाटे ५ ही सॉकेटं बंद ठेवायची पद्धत आहे, तेव्हा लॅपटॉप संध्याकाळीच भरून घ्यावा.

प्रवासाची टिपणं जीबोर्डवर, म्हणजे गुगलच्या फोनमधल्या कीबोर्डवर, मराठीत लिहिली. भाषा आधी उतरवलेली असेल तर शब्द ऑफलाइनही सुचतात. ‘किनाऱ्या’तला आडवा र दोन तऱ्हांनी टंकता येतो: नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे, पण शोधताना एक लिहिलं तर दुसरं सहसा सापडत नाही. दोघे मिळून लिहिताना आधी एक पद्धत ठरवावी.

घरी आल्यावर पॉवर बँक पूर्ण भरून कपाटात टाकू नये, निम्म्यावर ठेवावी; पूर्ण भरलेला लिथियम सेल उकाड्यात लवकर म्हातारा होतो. यूएसबीची तोंडं मऊ कोरड्या ब्रशने झाडावीत, केबली आणि चार्जर सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवाव्यात, आणि डँपरचे स्क्रू पुन्हा आवळून घ्यावेत. रेवदंडा ते रत्नागिरीच्या रस्त्यावर ते हमखास ढिले झालेले असतात.